घरगुती संगणक आणि तबकडीलेखन
कुटुंबातील व्यक्तींच्या वापरासाठी, घरखर्चातून विकत घेता येईल अशा किमतीस मिळणाऱ्या लहान संगणकास घरगुती संगणक म्हणतात. अशा संगणकातील माहिती लेसर किरणांच्या साहाय्याने कोऱ्या प्रकाशीय तबकडीवर नोंदण्याची क्रिया म्हणजे तबकडीलेखन होय. मराठी व्यवहारात ही क्रिया ‘सीडी राइट करणे’ किंवा ‘बर्न करणे’ या शब्दांनी रूढ झाली. जे संगणक एकमेकांच्या आज्ञावली (प्रोग्रॅम) चालवू शकतात त्यांच्या समूहास ‘प्लॅटफॉर्म’ अशी संज्ञा आहे. प्रस्तुत नोंदीत त्यासाठी ‘संगणककुल’ हा शब्द योजला आहे. १९७७ पासून सु. तीस वर्षे कोणते संगणककुल निवडावे हा घरगुती ग्राहकापुढील मुख्य प्रश्न होता. १९९५ नंतरच्या काळात या निवडीचे परिणाम तबकडीलेखनात विशेष स्पष्टपणे प्रत्ययास आले. यंत्राची गती किंवा किंमत यांपेक्षा त्यावर साठविलेली माहिती दुसऱ्या यंत्रावर, तसेच पुढील पिढीच्या यंत्रावर वाचता येईल की नाही ही बाब अंती अधिक महत्त्वाची असते, असे या इतिहासावरून दिसून येते.

उदय व प्रारंभीची स्पर्धा : सुटे भाग जोडण्याची खटपट न करता वापरता येतील असे तीन संगणक १९७७ मध्ये अमेरिकेत बाजारात आले : ॲपल २, कमोडोर पेट आणि टँडी कंपनीचा टीआरएस-८०. यांपैकी पहिल्या दोहोंत ६५०२ हा एकच सूक्ष्मप्रक्रियक होता. तरीही एकाची आज्ञावली दुसऱ्यावर चालत नसे. पडद्यावरील चित्रणाची पद्धत, स्मृतीची मांडणी आणि अंगभूत भाषा यांत फरक असल्यामुळे सूक्ष्मप्रक्रियक सारखा असूनही दोन्ही यंत्रे परस्परांना परकीच राहिली.

त्यानंतरच्या सात-आठ वर्षांत कुलांची संख्या झपाट्याने वाढली. ब्रिटनमध्ये १९८१ च्या अखेरीस बीबीसी मायक्रो आणि १९८२ मध्ये सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम हे संगणक आले. स्पेक्ट्रमच्या १६ किलोबाइट स्मृतीच्या नमुन्याची प्रारंभीची किंमत १२५ पौंड होती. अमेरिकेत १९८२ मध्ये कमोडोर ६४ हा संगणक ५९५ डॉलर किमतीस विक्रीस आला. पुढे सुरू झालेल्या किंमतयुद्धात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या मोठ्या कंपनीला १९८३ मध्ये घरगुती संगणकांचे क्षेत्र सोडावे लागले. त्याच वर्षी जपानमध्ये एमएसएक्स या नावाने अनेक उत्पादकांना समान असे एक मानक जाहीर झाले. जपानमध्ये व इतर काही देशांत ते रुजले. अमेरिकेत मात्र त्यास फारसा थारा मिळाला नाही.

या काळातील ग्राहकाची निवड बहुधा यंत्राच्या गुणांवर होत नसे. शेजारी, शाळा किंवा कचेरी यांत जे यंत्र असेल तेच घेण्याकडे कल असे. कारण आज्ञावलींची देवघेव त्याच वर्तुळात होत असे. एखादी आज्ञावली हेच खरेदीचे कारण झाल्याचीही उदाहरणे आहेत. १९७९ मध्ये व्हिझिकॅल्क हा हिशेबाचा तक्ता प्रथम ॲपल २ साठी निघाला आणि अनेक व्यावसायिकांनी त्यासाठी ते यंत्र घेतले. १९८३ मध्ये लोटस १-२-३ या आज्ञावलीने आयबीएमच्या संगणकास आणि १९८५ मध्ये पेजमेकर या पृष्ठरचनेच्या आज्ञावलीने मॅकिंटॉशला तसाच आधार दिला.

फ्लॉपी तबकड्यांमधील विसंगती : कुलांमधील भिंत फ्लॉपी म्हणजे लवचीक चुंबकीय तबकडीवर अधिक ठळकपणे दिसे. ५¼ इंची कोरी तबकडी एकाच दुकानातून घेऊन ॲपल, कमोडोर किंवा आयबीएम यांपैकी कोणत्याही यंत्रात घालता येई. परंतु प्रत्येकाची संकेतन पद्धती व खंडांची मांडणी वेगळी असल्याने एकाने लिहिलेली तबकडी दुसऱ्याला कोरी किंवा खराब भासे. १९८४ मध्ये आलेल्या मॅकिंटॉशमध्ये ३½ इंची तबकडी होती. लेखन-मार्ग तबकडीच्या केंद्राजवळ आहे की कडेजवळ आहे त्यानुसार मॅकिंटॉशमधील तबकडी फिरण्याचा वेग बदलत असे, तर आयबीएमच्या पद्धतीत तो स्थिर असे. त्यामुळे मॅकिंटॉशची ४०० किंवा ८०० किलोबाइटची तबकडी आयबीएमसदृश संगणकाच्या नेहमीच्या यंत्रणेला वाचता येत नसे. १९८८ पासून मॅकिंटॉशमध्ये दोन्ही पद्धती हाताळणारी १.४४ मेगाबाइटची यंत्रणा बसविण्यात येऊ लागली आणि ही अडचण बरीच कमी झाली.

दोन कुलांचे प्राबल्य : आयबीएमने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला वैयक्तिक संगणक जाहीर केला. त्याचे बहुतेक घटक इतर कंपन्यांकडून घेतलेले होते आणि तांत्रिक तपशीलही प्रसिद्ध करण्यात आला होता. यंत्र सुरू होताच चालणारी बायॉस ही मूलभूत आज्ञावली तेवढी स्वामित्वहक्काने संरक्षित होती. काँपॅक कंपनीने मूळ मजकुराची नक्कल न करता त्याच कार्याची स्वतंत्र आज्ञावली लिहून घेतली व १९८३ मध्ये आयबीएमशी सुसंगत संगणक विक्रीस आणला. पुढे असंख्य उत्पादकांनी हाच मार्ग धरला. परिणामी आयबीएमचे नाव मागे पडले, पण तिने घालून दिलेली रचना टिकली. २००५ मध्ये आयबीएमने आपला वैयक्तिक संगणकाचा व्यवसाय लेनोवो या चिनी कंपनीस विकला, तेव्हाही त्या कुलावर काही परिणाम झाला नाही.

१९८५ मध्ये आलेल्या कमोडोर अमिगाची चित्रण व ध्वनी यांतील क्षमता तत्कालीन आयबीएमसदृश संगणकांपेक्षा पुष्कळ सरस होती. तथापि ते कुल एकाच कंपनीवर अवलंबून होते आणि १९९४ मध्ये कमोडोर दिवाळखोरीत निघाल्यावर त्याचे ग्राहक निराधार झाले. मॅकिंटॉशवरही तशीच वेळ येण्याची चिन्हे होती. १९९५ मध्ये ॲपलने इतर उत्पादकांना परवाने दिले; १९९७ मध्ये स्टीव्ह जॉब्झ परत आल्यावर ते धोरण सोडून देण्यात आले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टने ॲपलमध्ये १५ कोटी डॉलर गुंतविले आणि मॅकिंटॉशसाठी आपल्या ऑफिस या आज्ञावलीसंचाच्या आवृत्त्या पाच वर्षे काढण्याचे मान्य केले. प्रतिस्पर्ध्याची आज्ञावली मिळत राहणे ही मॅकिंटॉशच्या अस्तित्वाची एक अट होती, हे त्यावरून स्पष्ट होते. अशा रीतीने विसाव्या शतकाच्या अखेरीस घरगुती ग्राहकापुढे मुख्यतः विंडोज आणि मॅकिंटॉश हे दोनच पर्याय उरले. १९९१ मध्ये लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी आरंभिलेली लिनक्स ही मुक्त प्रणाली तिसरा पर्याय होती. मात्र घरांत तिचा प्रसार मर्यादित राहिला.

प्रकाशीय तबकडी आणि समान मानक : फिलिप्स व सोनी या कंपन्यांनी संयुक्तपणे विकसित केलेली काँपॅक्ट डिस्क (सीडी) १९८२ मध्ये संगीतासाठी बाजारात आली. १२० मिमी. व्यासाच्या पॉलिकार्बोनेटाच्या या तबकडीत १.६ मायक्रोमीटर अंतराने वळणारा एक सर्पिल मार्ग असतो व त्यावरील सूक्ष्म खळगे ७८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या लेसर किरणाने वाचले जातात. संगणकीय माहितीसाठी हिचा उपयोग करताना दर सेकंदास ७५ खंड व प्रत्येक खंडात २,०४८ बाइट माहिती अशी योजना करण्यात आली. मूळ वेगाने ही गती सेकंदाला सु. १५० किलोबाइट होते आणि ७४ मिनिटांच्या तबकडीत सु. ६५० मेगाबाइट माहिती मावते.

फ्लॉपीच्या बाबतीत झालेला गोंधळ टाळण्यासाठी निरनिराळ्या कंपन्यांचे प्रतिनिधी १९८५ मध्ये अमेरिकेतील टाहो सरोवराजवळ एकत्र आले. त्यांनी ठरविलेल्या मांडणीच्या आधारे १९८८ मध्ये आयएसओ ९६६० हे आंतरराष्ट्रीय मानक मान्य झाले. सर्व कुलांना पेलेल असे किमान रूप निश्चित करणे हे त्याचे तत्त्व होते. त्यामुळे त्याच्या पहिल्या स्तरावर फाइलच्या नावात आठ व प्रत्ययात तीन अक्षरे, तीही केवळ रोमन मोठी अक्षरे, अंक व अधोरेखा एवढ्यांनाच मुभा होती. पुढे ही मर्यादा ओलांडण्यासाठी प्रत्येक कुलाने आपापली पुरवणी जोडली : युनिक्स प्रणालींसाठी रॉक रिज आणि विंडोज ९५ साठी मायक्रोसॉफ्टची जोलिएट. मॅकिंटॉशची एचएफएस ही मांडणी तर पूर्णतः स्वतंत्र होती. समान मानकाच्या छायेत जुने भेद अशा प्रकारे पुन्हा उभे राहिले.

लेखनाची कार्यपद्धती : एकदाच लिहिता येणारी सीडी-आर ही तबकडी १९८८ च्या सुमारास जपानमधील तायो युदेन कंपनीच्या प्रयत्नांतून साकार झाली. तिच्यात पॉलिकार्बोनेट व परावर्तक धातू यांच्यामध्ये सेंद्रिय रंजकद्रव्याचा थर असतो. लेखनासाठी वापरलेल्या तीव्र लेसर किरणाने तो थर जागोजागी तापून त्याची प्रकाशीय घडण बदलते. वाचताना ही स्थाने खळग्यांप्रमाणे भासतात. तबकडीवर आधीच कोरलेल्या खोबणीत वेळेची व उत्पादकाची खूण असते आणि तीवरून लेखनयंत्र लेसरची शक्ती निश्चित करते. १९९७ मध्ये आलेल्या सीडी-आरडब्ल्यू या पुनर्लेखनक्षम तबकडीत रंजकाऐवजी स्फटिकी व अस्फटिकी अशा दोन अवस्थांत राहू शकणारी मिश्रधातू असते. तिची परावर्तनक्षमता १५ ते २५ टक्के इतकीच असल्याने जुनी संगीतयंत्रे ती वाचू शकत नसत.

लेखनातील अडचणी : लेखनयंत्रे प्रथम अतिशय महाग होती. १९९५ च्या सुमारास ती हजार डॉलरच्या आत मिळू लागली आणि घरगुती वापर सुरू झाला. त्याबरोबर पुढील अडचणी सार्वत्रिक झाल्या.

(१) माहितीचा खंड पडणे : सर्पिल मार्गावरील लेखन अखंड चालावे लागे. लेखनयंत्रातील तात्पुरती स्मृती साधारणपणे अर्धा ते दोन मेगाबाइट असे. चौपट वेगाने लिहिताना सेकंदाला ६०० किलोबाइट माहिती लागते; म्हणजे दोन मेगाबाइटचा साठा साडेतीन सेकंदांच्या आतच संपे. तेवढ्या अवधीत संगणक दुसऱ्या कामात गुंतला, पडद्यावरील चित्र बदलू लागले किंवा एखादी आज्ञावली आपोआप सुरू झाली, तर लेखन तुटून तबकडी कायमची वाया जाई. अशा तबकड्यांना पेल्याखाली ठेवण्याच्या चकतीवरून ‘कोस्टर’ असे थट्टेने म्हणत. लेखन चालू असताना संगणकाला हात लावायचा नाही, हा नियम अनेक घरांत पाळला जाई. २००० मध्ये सान्यो कंपनीच्या ‘बर्न-प्रूफ’ तंत्रामुळे लेखन थांबवून नेमक्या त्याच स्थानापासून पुन्हा सुरू करणे शक्य झाले आणि हा दोष जवळजवळ नाहीसा झाला.

(२) जोडणीतील दोष : प्रारंभीची बरीचशी लेखनयंत्रे स्कझी या पद्धतीने जोडावी लागत. १९८६ पासून ही जोडणी मॅकिंटॉशमध्ये अंगभूत होती; आयबीएमसदृश संगणकात तिच्यासाठी निराळे कार्ड बसवावे लागे आणि ते इतर भागांशी जुळवून घेणे कष्टाचे असे. पुढे स्वस्त आयडीई जोडणी प्रचारात आल्यावर खर्च उतरला. तथापि एकाच केबलवर जोडलेल्या दोन यंत्रणांत परस्परांची वाट अडण्याचा नवा दोष उद्भवला.

(३) तबकडी व लेखनयंत्र यांतील विजोडपणा : अपरिचित उत्पादकाची तबकडी आल्यास लेखनयंत्र सर्वसाधारण शक्तीने लिही व परिणामी चुकांचे प्रमाण वाढे. लेखन यशस्वी झाल्याचा संदेश मिळूनही ती तबकडी इतरत्र वाचता येत नसे. यावर वेग कमी ठेवणे आणि लिहिलेली माहिती मूळ माहितीशी ताडून पाहणे हे उपाय होते.

(४) सत्र बंद न करणे : पुढे आणखी माहिती भरता यावी म्हणून तबकडी पूर्ण न केल्यास ती लेखनयंत्रात दिसे, परंतु संगीतयंत्रात किंवा जुन्या वाचकयंत्रात दिसत नसे. दोष यंत्राचा नसून प्रक्रिया अपुरी राहिल्याचा आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नसे.

कुलनिवड व तबकडीलेखन : विंडोजवर ईझी सीडी क्रिएटर व नीरो, मॅकिंटॉशवर टोस्ट आणि लिनक्सवर सीडीरेकॉर्ड या आज्ञावली विशेष प्रचलित होत्या. स्वस्त यंत्रांची विपुलता हा विंडोजचा, तर मोजक्या यंत्रांमुळे मिळणारी सुसूत्रता हा मॅकिंटॉशचा गुण मानला जाई. या समजुतीला अपवादही होते. २००० मध्ये आयबीएमसदृश संगणकांत लेखनयंत्रे सर्रास बसविली जात असताना ॲपलच्या आयमॅकमध्ये ती नव्हती. फेब्रुवारी २००१ मध्ये ती उणीव भरून निघाली. मार्च २००१ मध्ये प्रसृत झालेल्या मॅक ओएस टेन या नव्या प्रणालीच्या पहिल्या आवृत्तीत तबकडीलेखनाची सोय नव्हती. ती त्याच वर्षी टप्प्याटप्प्याने देण्यात आली. ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये सीडीलेखन प्रणालीतच अंतर्भूत होते.

दोन कुलांमध्ये तबकडीची देवघेव करताना निराळ्याच उणिवा जाणवत. केवळ एचएफएस मांडणीची तबकडी विंडोजला पूरक आज्ञावलीशिवाय वाचता येत नसे. जुन्या मॅकिंटॉशमध्ये एका फाइलचे दोन विभाग असत व तिचा प्रकार दडलेल्या संकेताने ओळखला जाई. आयएसओ ९६६० वर नेताना हा भाग गळून पडण्याचा संभव असे. उलट दिशेने, विंडोजमध्ये दिलेली लांब नावे जुन्या मॅकिंटॉशवर आठ अक्षरांत तुटून दिसत. दोन्ही मांडण्या एकत्र असलेली संमिश्र तबकडी हा त्यावरील तोडगा होता. पण तो वापरण्यासाठी लिहिणाऱ्याला वाचणाऱ्याच्या यंत्राची आठवण ठेवावी लागे.

डीव्हीडीच्या आगमनानंतर मानकांचा वाद पुन्हा उद्भवला. एका बाजूस पायोनिअर कंपनीने प्रथम आणलेली ‘वजा’ पद्धती (डीव्हीडी-आर) आणि दुसऱ्या बाजूस फिलिप्स, सोनी, ह्यूलेट-पॅकार्ड आदींची ‘अधिक’ पद्धती (डीव्हीडी+आर) असे तट पडले. दोन्हींची धारणक्षमता ४.७ गिगाबाइट होती व बाह्य रूपात फरक नव्हता. ॲपलने प्रारंभी वजा पद्धती स्वीकारली, तर काही विंडोज संगणक उत्पादकांनी अधिक पद्धती. २००२ पासून दोन्ही लिहिणारी यंत्रे मिळू लागली आणि वाद निर्णयाविनाच निवळला.

भारत व मराठी भाषा : भारतात १९८४ मध्ये सुरू झालेल्या शालेय संगणक साक्षरता प्रकल्पासाठी (क्लास) बीबीसी मायक्रो निवडण्यात आला होता, परंतु घरांत व कचेऱ्यांत पुढे आयबीएमसदृश, विशेषतः स्थानिक पातळीवर जुळवलेले संगणकच पसरले. मॅकिंटॉशचा वापर मुख्यत्वे मुद्रणपूर्व कामे व जाहिरात व्यवसाय यांपुरता राहिला. कोऱ्या तबकड्यांच्या निर्मितीत मोझर बेअर ही भारतीय कंपनी एके काळी जगातील मोठ्या उत्पादकांपैकी एक होती. २०१८ मध्ये तिच्या समापनाचा आदेश निघाला.

मराठी मजकुराच्या बाबतीत आणखी एक पातळीवरील विसंगती होती. देवनागरीसाठी १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानक निश्चित झाले आणि पुण्यातील प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) त्यावर आधारित साधने पुरविली. तथापि अक्षरजुळणीच्या व्यवहारात निरनिराळ्या टंकांसाठी निरनिराळे संकेत वापरले गेले. अशा मजकुराची तबकडी सुस्थितीत असली आणि फाइल उघडली, तरी मूळ टंक नसल्यास पडद्यावर निरर्थक रोमन चिन्हे दिसतात. युनिकोडचा प्रसार आणि विंडोज २००० पासून त्या प्रणालीत मिळालेला देवनागरीचा आधार यांमुळे नवा मजकूर या दोषातून मुक्त झाला. जुना मजकूर मात्र रूपांतर केल्याविना वाचनीय होत नाही. आयएसओ ९६६० मध्ये फाइलला देवनागरी नाव देणे अशक्य होते. जोलिएट युनिकोडवर आधारित असल्याने ते शक्य झाले.

ऱ्हास व जतन : २००८ मध्ये ॲपलने मॅकबुक एअर हा संगणक अंगभूत प्रकाशीय यंत्रणेविना आणला आणि पुढील काळात दोन्ही कुलांच्या घरगुती संगणकांतून ती बहुतांशी नाहीशी झाली. मोठ्या क्षमतेच्या अर्धसंवाहक स्मृती व आंतरजालावरील साठवण यांनी तिची जागा घेतली. तायो युदेनने २०१५ मध्ये लेखनक्षम तबकड्यांचा व्यवसाय बंद केला.

या तंत्राचा वारसा म्हणजे घरोघरी शिल्लक राहिलेल्या तबकड्या होत. छायाचित्रे, लग्नसमारंभांचे चित्रण, हस्तलिखिते, संस्थांचे अहवाल व हिशेब यांची एकमेव प्रत कित्येकदा त्यांवरच असते. रंजकद्रव्य सूर्यप्रकाश, उष्णता व आर्द्रता यांनी बिघडते. सीडीच्या वरच्या बाजूस परावर्तक थरावर केवळ पातळ लाखेचे आवरण असल्याने त्या बाजूचा ओरखडा खालच्या बाजूच्या ओरखड्यापेक्षा अधिक घातक ठरतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रविद्या संस्थेने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत तबकडी कडेने धरावी, थंड व कोरड्या अंधाऱ्या जागी उभी ठेवावी आणि तीवर चिकटपट्टी लावू नये, अशा सूचना आहेत.

तथापि केवळ तबकडी जपणे पुरेसे नाही. ती वाचणारे यंत्र, तिची मांडणी जाणणारी परिचालन प्रणाली, फाइल उघडणारी आज्ञावली आणि मराठी मजकुराच्या बाबतीत योग्य टंक, या चारही गोष्टी उपलब्ध असल्या तरच माहिती हाती येते. यांपैकी एक जरी लुप्त झाली, तरी उरलेल्या तिन्ही निरुपयोगी ठरतात. यासाठी वाचकयंत्रे मिळत आहेत तोवर तबकड्यांवरील माहिती नव्या माध्यमावर उतरवून घेणे, तिच्या किमान दोन प्रती निरनिराळ्या ठिकाणी ठेवणे आणि कोणत्याही एका उत्पादकावर अवलंबून नसलेल्या खुल्या स्वरूपात तिचे रूपांतर करणे हा मार्ग सर्वांत सुरक्षित मानला जातो.